अहाकिस्ताचें स्मारक

आयर्लंडच्या नैर्ऋत्य कोपऱ्यांत जमिनीचे पांच लांबट सुळके अटलांटिक महासागरांत शिरलेले आहेत. त्यांतील सर्वांत लहान सुळक्याचें नांव ‘शीप्स हेड’, म्हणजे मेंढीचें मस्तक. त्याच्या उत्तरेस बँट्रीचा उपसागर आहे आणि दक्षिणेस डनमॅनसचा. कॉर्क शहराकडून येणारा प्रवासी बँट्री व डरस हीं गांवें मागें टाकून या सुळक्याच्या दक्षिण किनाऱ्यास लागला, म्हणजे रस्ता अरुंद होत जातो. एका बाजूस दगड रचून केलेलीं कुंपणें व हिरवीं कुरणें, दुसऱ्या बाजूस उपसागराचें पाणी, अशा वाटेनें तो अहाकिस्ता नांवाच्या वस्तीपाशीं पोहोंचतो. मोजकीं घरें, होड्यांचा एक धक्का आणि उतारावरील शेतें, एवढाच या गांवाचा पसारा. १९८५ पूर्वीं जगाच्या वर्तमानपत्रांत या गांवाचें नांव क्वचितच आलें असेल. त्यानंतर मात्र दरवर्षीं जून महिन्याच्या २३ तारखेस भारतांतून, कॅनडांतून आणि इंग्लंडांतून माणसें येथें येत राहिलीं. त्यांतील कित्येकांचा आयर्लंडशीं याखेरीज दुसरा कांहींहि संबंध नाहीं.

पाण्याच्या कडेला एक लहानशी बाग आहे. बागेंत एक दगडी छायायंत्र, म्हणजे सावलीचें घड्याळ, उभें आहे. जवळच दगडी भिंतीवर नांवें कोरलेलीं आहेत. पश्चिम कॉर्कच्या कोणत्याहि दफनभूमींत पावलोपावलीं आढळणारीं सलिव्हन, मॅकार्थी, डॅली हीं आडनांवें शोधणाऱ्यास येथें निराळीच नामावळी वाचावयास मिळते. हीं नांवें पंजाबचीं आहेत, गुजराथचीं आहेत, बंगालचीं आहेत, केरळचीं आहेत, महाराष्ट्रांतीलहि आहेत. हिंदु, शीख, मुसलमान, ख्रिस्ती व पारशी, असे सर्व धर्मांचे लोक त्यांत आहेत. कांहीं ठिकाणीं एकच आडनांव लागोपाठ तीन-चार वेळां येतें, आणि वाचणाऱ्याच्या ध्यानांत येतें, कीं हें एक घर आहे. आई, बाप आणि मुलें.

महाराष्ट्रांतील गांवोगांवीं जुन्या देवळांच्या आवारांत वीरगळ उभे असलेले दिसतात. खालच्या चौकटींत लढाईचा प्रसंग, मधल्या चौकटींत वीरास स्वर्गीं नेणाऱ्या अप्सरा, आणि सर्वांत वर शिवलिंगाची पूजा करीत बसलेला तोच वीर, अशी त्यांची रचना असते. गाई सोडविण्यासाठीं, गांव राखण्यासाठीं जो पडला, त्याचें तें स्मारक. जगांतील बहुतेक जुनीं स्मारकें याच जातीचीं आहेत. मृतानें कांहीं केलें, म्हणून त्याचा दगड उभारला गेला. अहाकिस्ताच्या भिंतीवर ज्यांचीं नांवें आहेत, त्या माणसांनीं असा कोणताच पराक्रम केलेला नव्हता. तीं सुटींत आजोळीं, माहेरीं, आपल्या वृद्ध आईबापांना भेटावयास चाललीं होतीं. त्यांच्यावर घाला पडला, एवढेंच त्यांचें इतिहासांतील कार्य. अशा माणसांचें स्मारक कशाकरितां उभारावयाचें, आणि तें कोणीं उभारावयाचें, हा प्रश्न विसाव्या शतकानें जगापुढें पुनःपुन्हां टाकला. त्या प्रश्नाचें एक उत्तर या किनाऱ्यावर उभें आहे.

हकीकत अशी आहे. एअर इंडियाच्या ताफ्यांतील जंबो विमानांना भारताच्या सम्राटांचीं नांवें देण्याचा प्रघात होता. त्यांतील ‘सम्राट अशोक’ हें विमान १ जानेवारी १९७८ रोजीं मुंबईहून उड्डाण करतांच वांद्र्याच्या समुद्रांत कोसळलें होतें आणि त्यांत २१३ माणसें दगावलीं होतीं. तो अपघात होता. यंत्रांतील बिघाड आणि काळोखांत वैमानिकाचा झालेला दिशाभ्रम हीं त्याचीं कारणें होतीं. त्याच ताफ्यांतील दुसरें विमान ‘सम्राट कनिष्क’. २२ जून १९८५ या शनिवारीं संध्याकाळीं तें कॅनडांतील टोरँटोहून निघालें, मॉन्ट्रियलला थांबलें, आणि तेथून लंडनच्या दिशेनें अटलांटिकवर झेपावलें. लंडनहून दिल्ली आणि दिल्लीहून मुंबई असा त्याचा पुढील मार्ग ठरलेला होता. विमानांत ३०७ उतारू होते व २२ कर्मचारी. उतारूंतील बहुतेक जण भारतीय वंशाचे कॅनडाचे नागरिक होते; एकंदर मृतांत कॅनडाचे नागरिक २६८, ब्रिटनचे २७ आणि भारताचे २४ होते. कॅनडांतील शाळांना उन्हाळ्याची सुटी लागत होती, त्यामुळें विमानांत मुलांचा भरणा विशेष होता. बारा वर्षांखालील मुलेंच ऐंशीच्या घरांत होतीं. कर्मचाऱ्यांचीं घरें बहुधा मुंबईंत. कारण एअर इंडियाचें ठाणें त्या काळीं मुंबईस होतें.

रविवारीं सकाळीं, आयर्लंडच्या घड्याळांत सव्वाआठ वाजण्याच्या सुमारास, विमान एकतीस हजार फूट उंचीवर होतें. शॅनन येथील नियंत्रकांशीं वैमानिकाचें बोलणें नुकतेंच झालें होतें. त्यांत काळजीचा एकहि शब्द नव्हता. नंतर कांहीं मिनिटांतच नियंत्रकांच्या पडद्यावरील कनिष्कचा ठिपका नाहींसा झाला. हांकांना उत्तर आलें नाहीं. सामानाच्या कोठींत ठेविलेल्या एका पेटींतील बाँबनें विमान आकाशांतच फुटलें होतें. ३२९ पैकीं एकहि जीव वांचला नाहीं. त्याच्या तासाभरापूर्वीं जपानमध्यें टोकियोजवळच्या नारिटा विमानतळावर दुसऱ्या एका पेटीचा स्फोट होऊन सामान उचलणारे दोन कामगार ठार झाले होते. ती पेटीहि एअर इंडियाच्याच दुसऱ्या विमानांत चढविली जावयाची होती. एकाच दिवशीं पृथ्वीच्या दोन टोकांना दोन विमानें पाडावीं, असा हा बेत होता.

बेत रचणारांचें मूळ १९८४ सालच्या घटनांत होतें. त्या वर्षीं जून महिन्यांत अमृतसरच्या सुवर्णमंदिरांत लष्करी कारवाई झाली. ऑक्टोबरच्या अखेरीस इंदिरा गांधींचा वध झाला. त्यामागून दिल्लींत व अन्यत्र हजारों निरपराध शिखांची कत्तल झाली. या घटनांनीं जगभरचे शीख दुखावले. परंतु दुखावलेल्या लक्षावधि माणसांनीं कोणाच्याहि जिवास हात लावला नाहीं. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील कांहीं थोड्या जहाल मंडळींनीं मात्र सूड म्हणून भारत सरकारच्या मालकीचें विमान हें लक्ष्य निवडलें. विमान सरकारचें होतें. त्यांत बसलेलीं माणसें सरकार नव्हतीं. त्यांत शीखहि होते. कोणाच्या दुःखाचा सूड कोणावर उगवावयाचा, याचा विवेक एकदां सुटला म्हणजे सूड घेणारा आपल्याच आप्तांचा घात करतो, हें या नामावळींतील शीख नांवें वाचतांना जितकें स्पष्ट होतें, तितकें कोणत्याहि ग्रंथानें होणार नाहीं.

पेटी विमानांत चढली कशी, याची कथा लहान लहान चुकांची आहे. व्हँकूवरच्या विमानतळावर एका माणसानें आपली पेटी थेट दिल्लीच्या विमानांत जावी असा हट्ट धरला. टोरँटोपासून पुढची त्याची जागा निश्चित झालेली नव्हती, म्हणून पेटी पुढें पाठवितां येत नव्हती. परंतु मागें रांग वाढत होती, आणि खिडकीवरील कर्मचाऱ्यानें अखेर हार मानली. पेटी गेली; माणूस विमानांत बसलाच नाहीं. टोरँटोस सामान तपासण्याचें क्ष-किरण यंत्र त्याच दिवशीं मध्येंच बंद पडलें. हातांत धरावयाच्या यंत्रानें तपासणी चालू ठेविली गेली. त्या यंत्राच्या आवाजाचा अर्थ तें वापरणाऱ्यांना नीट शिकविलेलाच नव्हता. मॉन्ट्रियलला तीन पेट्या संशयावरून काढून घेण्यांत आल्या, आणि विमान सोडण्यांत आलें. स्फोटकें हुंगणारा कुत्रा पोहोंचला, तेव्हां विमान निघून गेलेलें होतें.

याहून मोठ्या चुका आधींच घडलेल्या होत्या. वेळ लावलेलीं स्फोटकें विमानांत ठेविलीं जाण्याचा संभव आहे, असा इशारा एअर इंडियानेंच जूनच्या पहिल्या तारखेस दिलेला होता. जूनच्या चौथ्या तारखेस कॅनडाच्या गुप्तवार्ता खात्याचीं माणसें संशयितांच्या मागावर व्हँकूवर बेटावरील एका रानापर्यंत गेलीं होतीं. तेथें त्यांनीं मोठा धडाका ऐकला आणि बंदुकीचा बार समजून ते परतले. तो स्फोटकाचा प्रयोग होता. संशयितांच्या बोलण्याचीं जीं ध्वनिमुद्रणें खात्यापाशीं होतीं, त्यांतील बहुतेक पुढें पुसून टाकण्यांत आलीं. एकट्यादुकट्यानें पाहिलें तर यांतील प्रत्येक चूक क्षुल्लक वाटते. विमान पाडण्यास मात्र त्या सर्व मिळून पुरेशा झाल्या.

विमान नाहींसें झाल्याचें कळतांच आयर्लंडच्या किनाऱ्यावरील व्हॅलेन्शिया येथील बचावकेंद्रानें आसपासच्या जहाजांना हांका घातल्या. ‘लॉरेन्शियन फॉरेस्ट’ हें मालवाहू जहाज प्रथम त्या जागीं पोहोंचलें. त्यानंतर आयर्लंडच्या आरमाराची ‘अशलिंग’ ही नौका आली; ब्रिटिश व अमेरिकन हेलिकॉप्टरें आलीं. सर्वजण जिवंत माणसें शोधण्यासाठीं गेले होते. त्यांच्या हातीं प्रेतेंच आलीं. मालवाहू जहाजावरील खलाशांना हें काम कोणीं शिकविलेलें नव्हतें. खवळलेल्या पाण्यांत लहान होड्या घालून, कधीं स्वतः पाण्यांत उतरून, त्यांनीं एकेक देह वर घेतला. त्या देहांत लहान मुलांचे देह होते. ‘अशलिंग’वरील कांहीं जवानांना या कामगिरीबद्दल पुढें शौर्यपदकें मिळालीं. एकंदर १३१ देह हातीं लागले. उरलेले १९८ समुद्रानें परत दिले नाहींत.

देह कॉर्कच्या मोठ्या रुग्णालयांत आणण्यांत आले, आणि त्यांच्यामागून, दोन-तीन दिवसांत, नातेवाईक येऊं लागले. कॅनडांतून आले, इंग्लंडांतून आले, भारतांतून आले. अनेकांना आयर्लंड नकाशावर कोठें आहे, हेंहि त्यापूर्वीं पाहण्याचें कारण पडलें नव्हतें. ओळख पटविण्याचें काम दिवसेंदिवस चाललें. कोणाला पत्नी सांपडली, मुलें सांपडलीं नाहींत. कोणाला एक मुलगी सांपडली, दुसरी सांपडली नाहीं. कित्येकांना कोणीच सांपडलें नाहीं. या दिवसांत कॉर्कच्या लोकांनीं जें वर्तन केलें, तें या कथेंतील सर्वांत उजळ पान आहे. परिचारिका, शिपाई, मोटारी हांकणारे, खानावळी चालविणारे, आणि ज्यांचा यांत कांहींहि अधिकृत भाग नव्हता असे सामान्य गृहस्थ व गृहिणी, यांनीं या परक्या, सांवळ्या, निराळ्या धर्माच्या आणि दुःखानें बधिर झालेल्या माणसांना एकटें पडूं दिलें नाहीं. एकवीस वर्षांनीं कॅनडांत चौकशी आयोगापुढें साक्षी झाल्या, तेव्हांहि अनेक नातेवाइकांनीं आयर्लंडमधील या वागणुकीचा उल्लेख आवर्जून केला. इतक्या वर्षांत त्यांच्या मनांतून पुष्कळ कांहीं गेलें असेल. हें गेलें नाहीं.

सत्यशोधनाचें कामहि त्याच उन्हाळ्यांत सुरू झालें. सुमारें सहा हजार सातशें फूट खोल समुद्रतळावरून विमानांतील दोन्ही नोंदणीयंत्रें यांत्रिक हाताच्या साहाय्यानें जुलै महिन्यांत वर काढण्यांत आलीं. इतक्या खोलीवरून असें काम त्यापूर्वीं झालेलें नव्हतें. ध्वनिमुद्रणाच्या परीक्षणांत मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रांतील शास्त्रज्ञांचाहि भाग होता. त्या फितीवर वैमानिकांचें नेहमींचें बोलणें आहे, एक क्षणभर मोठा आवाज आहे, आणि मग कांहींच नाहीं. न्यायमूर्ति कृपाल यांच्या चौकशी न्यायालयानें १९८६ मध्यें निष्कर्ष काढला, कीं विमान बाँबनेंच पडलें.

स्मारक याच वर्षीं, म्हणजे पहिल्या वर्षश्राद्धाच्या दिवशीं, २३ जून १९८६ रोजीं उघडण्यांत आलें. आयर्लंड, भारत व कॅनडा या तिन्ही देशांचा त्यास हातभार होता; छायायंत्र कॉर्कचे शिल्पकार केन टॉमसन यांनीं घडविलें. जागा अहाकिस्ताची निवडण्याचें कारण साधें होतें. येथून समोर जो समुद्र पसरतो, तोच पुढें नैर्ऋत्येस जाऊन कनिष्कच्या जलसमाधीच्या जागेला मिळतो. ज्यांना देह मिळाले नाहींत, त्यांना निदान ज्या पाण्यांत तो देह आहे त्या पाण्याजवळ उभें राहतां यावें, एवढी सोय या जागेनें केली.

ही सोय क्षुल्लक नव्हे. ज्याचा देह सांपडत नाहीं, त्याचे संस्कार कसे करावे, याचा विचार आपल्या धर्मशास्त्रानें फार पूर्वीं केलेला आहे. पळसाच्या पानांची किंवा दर्भाची प्रतिमा करून तिलाच अग्नि देण्याचा जो पालाशविधि सांगितला आहे, तो याच दुःखाच्या अनुभवांतून निघाला असला पाहिजे. माणूस गेला, हें बुद्धीला कळतें; मनाला तें पटण्यासाठीं कांहीं तरी हातानें करावें लागतें, कोठें तरी पाऊल थांबावें लागतें. ख्रिस्ती माणूस थडग्यापाशीं जातो; हिंदु माणूस अस्थि नदींत सोडून त्या नदीला हात जोडतो. कनिष्कच्या कित्येक घरांत थडगें नव्हतें आणि अस्थिहि नव्हत्या. त्यांच्या वांट्यास आला तो महासागर. आणि महासागराला हात जोडावयाचे तर कोठें तरी उभें राहावयास पाहिजे. अहाकिस्ताची बाग ही ती उभें राहण्याची जागा आहे.

छायायंत्राची निवडहि विचार करण्याजोगी आहे. सवाई जयसिंहानें जयपुरास व दिल्लीस उभारलेलीं प्रचंड छायायंत्रें ज्यांनीं पाहिलीं आहेत, त्यांना या यंत्राची किमया नवी नाहीं. त्याला चक्र नाहीं, किल्ली नाहीं, टिकटिक नाहीं. ऊन पडलें, कीं सावली हलते. सावली कोठें पडली यावरून वेळ कळते. नारिटाच्या पेटींत व कनिष्कच्या पेटींत वेळ मोजणारें यंत्र होतें. त्यानें ठरलेल्या क्षणाला आपलें काम केलें. अहाकिस्ताचें यंत्रहि वेळच मोजतें, पण तें कोणत्याहि क्षणाशीं बांधलेलें नाहीं. आयर्लंडचें आभाळ वर्षांतील पुष्कळ दिवस ढगांनीं भरलेलें असतें. अशा दिवशीं आलेल्या प्रवाशास तें यंत्र कांहींच सांगत नाहीं. तो केवळ दगड असतो, आणि त्यापलीकडे करडें पाणी. ऊन आलें, म्हणजे तोच दगड पुन्हां बोलूं लागतो.

एक वर्षांत परक्या गांवानें जें केलें, तें करण्यास ज्यांचे हे नागरिक होते त्या कॅनडास वीस वर्षांहून अधिक काळ लागला, ही या कथेची दुसरी बाजू. दुर्घटनेनंतर कॅनडाचे पंतप्रधान ब्रायन मल्रोनी यांनीं दूरध्वनि करून राजीव गांधींचें सांत्वन केलें. शिष्टाचार म्हणून त्यांत कांहीं वावगें नव्हतें. परंतु मृतांतील बहुतेक माणसें मल्रोनी यांच्याच देशाचीं नागरिक होतीं, आणि त्यांच्या घरचे लोक कॅनडांतच रडत बसले होते. टोरँटोच्या व व्हँकूवरच्या ज्या शाळांतून मुलांच्या जागा रिकाम्या झाल्या, त्या कॅनडाच्याच होत्या. तरीहि त्या देशाच्या मनानें बराच काळ असें धरलें, कीं हें भारताचें विमान, भारताचें भांडण आणि भारताचेच मृत. नागरिकत्वाचा कागद हातीं असूनहि शोकाच्या वेळीं माणूस परका ठरूं शकतो, हें त्या कुटुंबांनीं अनुभविलें. विमान पाडणारांनीं त्यांचे आप्त एकदां हिरावून घेतले. दुर्लक्षानें ते दुसऱ्यांदां हिरावले गेले.

न्यायालयांतहि त्यांच्या पदरीं फार थोडें पडलें. बाँबचे भाग जुळविणारा इंदरजितसिंग रेयात हाच एक मनुष्य दोषी ठरला. नारिटाच्या स्फोटाबद्दल १९९१ मध्यें त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली; २००३ मध्यें कनिष्कच्या बाबतींतहि त्यानें मनुष्यवधाचा गुन्हा कबूल केला व आणखी पांच वर्षें भोगलीं; पुढें इतरांच्या खटल्यांत खोटी साक्ष दिल्याबद्दल त्याला पुन्हां नऊ वर्षांची शिक्षा झाली. कटाचा सूत्रधार म्हणून चौकशींत ज्याचें नांव पुढें आलें, तो तलविंदरसिंग परमार १९९२ मध्यें पंजाबांत मारला गेला. या प्रकरणीं साक्ष देऊं शकणारे, हिंसेविरुद्ध निर्भयपणें लिहिणारे शीख संपादक तारासिंग हायर यांचा १९९८ मध्यें कॅनडांतील त्यांच्या घरीं गोळ्या घालून खून करण्यांत आला. उरलेल्या दोघां आरोपींचा खटला दोन वर्षें चालला आणि १६ मार्च २००५ रोजीं ते पुराव्याअभावीं निर्दोष सुटले. निकाल ऐकण्यास नातेवाईक देशोदेशींहून आले होते. वीस वर्षांच्या प्रतीक्षेनंतर ते रिकाम्या हातांनीं न्यायालयाच्या पायऱ्या उतरले.

याच निराशेंतून कुटुंबांनीं सार्वजनिक चौकशीची मागणी नेटानें लावून धरली. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ति जॉन मेजर यांचा आयोग २००६ मध्यें नेमला गेला. आयोगानें कामाचा आरंभ अधिकाऱ्यांच्या साक्षींनीं न करतां कुटुंबांच्या साक्षींनीं केला. त्याचा अहवाल १७ जून २०१० रोजीं प्रसिद्ध झाला. त्या अहवालाच्या नांवांतच ही दुर्घटना ‘कॅनडाची’ असल्याचें म्हटलें आहे. सरकारच्या निरनिराळ्या खात्यांनीं आपापल्यापाशीं असलेली माहिती एकत्र आणली असती तर या विमानावरील संकट ओळखतां आलें असतें, असें आयोगानें नमूद केलें. त्यानंतर सहा दिवसांनीं, पंचविसाव्या स्मृतिदिनीं, पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनीं टोरँटो येथील स्मारकापाशीं कुटुंबांची सरकारच्या वतीनें क्षमा मागितली. केवळ विमान राखतां आलें नाहीं याबद्दलच नव्हे, तर मागाहून कुटुंबांना जी वागणूक मिळाली तिच्याबद्दलहि. टोरँटोचें हें स्मारक व व्हँकूवरचें स्मारक हीं दोन्ही २००७ सालचीं. टोरँटोच्या तलावकांठींहि छायायंत्रच आहे. अहाकिस्ताच्या यंत्राचें जणूं तें धाकटें भावंड.

कॅनडास जें इतक्या उशिरां उमगलें, तें पश्चिम कॉर्कच्या शेतकऱ्यांना व कोळ्यांना पहिल्याच दिवशीं कसें उमगलें, असा प्रश्न साहजिकच मनांत येतो. त्याचें उत्तर कदाचित् त्या किनाऱ्याच्या इतिहासांत असेल. ७ मे १९१५ रोजीं ‘लुसिटानिया’ हें उतारूंचें जहाज जर्मन पाणबुडीनें याच कॉर्क परगण्याच्या किनाऱ्यासमोर बुडविलें, आणि अकराशेंहून अधिक माणसें मेलीं. त्यांतील कित्येकांना कोव्ह येथील दफनभूमींत मूठमाती मिळाली. ८ जानेवारी १९७९ रोजीं शेजारच्या बँट्रीच्या उपसागरांत तेलवाहू जहाजाचा स्फोट होऊन पन्नास माणसें जळून गेलीं. समुद्रानें आणून टाकलेल्या परक्याचा देह उचलणें, त्याचें तोंड झांकणें, त्याच्यासाठीं प्रार्थना करणें, हें येथील माणसांना पिढ्यान्पिढ्यांच्या संवयीचें होतें.

याहून जुनी अशी एक आठवण आहे, आणि ती नेमकी कॅनडाशींच निगडित आहे. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळानें पश्चिम कॉर्क उजाड केलें. हजारों उपाशी माणसें गलबतांत कोंबून अटलांटिकपार निघालीं. १८४७ सालीं कॅनडांतील सेंट लॉरेन्स नदींतल्या ग्रोस-ईल या लहानशा बेटावर अशा आयरिश निर्वासितांची तपासणी होत असे. तेथें तापानें त्यांतील पांच हजारांहून अधिक माणसें मेलीं व तेथेंच पुरलीं गेलीं. त्यांच्या पोरक्या मुलांना क्वेबेकमधील फ्रेंच बोलणाऱ्या शेतकऱ्यांनीं आपल्या घरांत घेतलें. १९०९ मध्यें त्या बेटावर आयरिश लोकांनीं एक उंच दगडी क्रूस उभारला. आयर्लंडचे मृत कॅनडाच्या किनाऱ्यावर, आणि कॅनडाचे मृत आयर्लंडच्या किनाऱ्यावर, असा हा हिशेब कोणीं मांडून केलेला नाहीं. अटलांटिकच्या दोन्ही कांठांवर घर सोडून निघालेल्या माणसांचे दगड उभे आहेत, एवढें मात्र खरें.

दरवर्षीं २३ जूनच्या सकाळीं कनिष्क नाहींसा झाला त्या वेळीं अहाकिस्ताच्या बागेंत माणसें कांहीं क्षण स्तब्ध उभीं राहतात. फुलें वाहिलीं जातात. प्रार्थना होतात, त्या एकाच धर्माच्या नसतात. २०२५ मध्यें चाळिसावें वर्ष झालें, तेव्हां आयर्लंडचे पंतप्रधान मायकेल मार्टिन तेथें आले होते. भारताच्या वतीनें मंत्री हरदीपसिंग पुरी आले होते. परंतु मंत्री प्रत्येक वर्षीं येत नाहींत. प्रत्येक वर्षीं येतात तीं गांवचीं माणसें. १९८५ सालीं जे तरुण होते, ते आतां म्हातारे झाले आहेत. त्यांच्या मागून त्यांचीं मुलें येतात. मृतांच्या कुटुंबांतहि तेंच घडलें आहे. ज्या आईबापांनीं कॉर्कच्या रुग्णालयांत मुलांचे देह ओळखले, त्यांतील पुष्कळ जण आज हयात नाहींत. दुःख प्रत्यक्ष भोगणारी पिढी संपत आली, म्हणजे स्मारकाची खरी परीक्षा सुरू होते. तोंवर तें नातेवाइकांचें असतें, पुढें तें सर्वांचें व्हावें लागतें, नाहीं तर कोणाचेंच राहत नाहीं.

एखादा मराठी प्रवासी आयर्लंडचे किल्ले व कडे पाहण्यास गेला, तर अहाकिस्ता त्याच्या वाटेवर येणार नाहीं. त्यासाठीं वांकडी वाट करावी लागेल. तेथें पाहण्यासारखें फारसें कांहीं नाहीं. एक दगडी यंत्र, एक भिंत, कांहीं फुलझाडें आणि समुद्र. परंतु त्या भिंतीवर जीं नांवें आहेत, त्यांचा उच्चार त्या गांवच्या माणसांना कष्टानें करावा लागतो, आणि त्याला तो सहज करतां येतो. त्यानें तीं नांवें एकदां हळूंच वाचावीं. त्यांतील कित्येकांच्या घरीं, दिल्लीस किंवा मुंबईस, त्या रविवारीं कोणी तरी विमानतळावर जावयाच्या तयारींत होतें.